तात्यांचं पाचवं शील

कारखान्याचा भोंगा झाला की आमच्या सणसरची हवाच बदलते. भोंग्यामागोमाग वास येतो. मळीचा, उकळत्या रसाचा, चिपाडाच्या धुराचा. रस्त्यानं ऊस भरलेल्या ट्रॉल्या डुलत जायला लागतात आणि गावातल्या प्रत्येक माणसाला आपण फार कामात आहोत असं वाटायला लागतं. यंदाही भोंगा झाला. मी उठले, वारा कुठल्या अंगाचा आहे ते पाहिलं, त्या बाजूची खिडकी लावली, औषधाचा एक फवारा ओढला आणि चहा टाकला. धुराला म्हटलं, ये बाबा, आपली ओळख जुनी आहे. पण बाहेरच बस.

गळीत हंगाम म्हटलं की मला नव्वदच्या दशकातला एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मला कळलं, की मला बरा न होणारा आजार आहे. आणि त्या हिवाळ्यात मी जेवढी खूश होते तेवढी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते. बाईला वेड लागलं होतं असं म्हणा हवं तर. गावात बऱ्याच जणांनी म्हटलंच होतं.

तेव्हा मी बारामतीच्या एका शाळेत मुलींना पी.टी. शिकवायचे. सकाळी सणसरहून एस.टी. पकडायची, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. माझी शिट्टी म्हणजे काय सांगू! शाळेसमोरचा रसवंतीवाला म्हणायचा, बाईंनी शिट्टी मारली की माझा बैल उभा राहतो. स्वतः खेळायचे तेव्हा कबड्डीत माझा दम तुटता तुटायचा नाही, पकडणाऱ्या पोरीच आधी थकायच्या. आणि आता तीच मी एस.टी.च्या पायऱ्या चढून वर गेले की दांड्याला धरून उभी राहत होते. चाळिशीसुद्धा आली नव्हती. छातीत बारीक शीळ वाजायची. स्टाफरूममध्ये ज्याला त्याला माझा रोग माहीत होता. कुणी म्हणे दमा, कुणी म्हणे रक्त कमी, मुख्याध्यापकांच्या मते मी फार बोलत होते. थुंकी तपासून झाली, क्षय नव्हता. सरबतासारखी औषधं बाटल्याच्या बाटल्या रिचवून झाली, फरक नव्हता.

मग एका सामन्यात, माझ्या मुली एका गुणानं पुढं असताना, वेळ संपली आणि मी शिट्टी तोंडात धरून फुंकली, तर नुसती फुस्स झाली. मुली हसल्या. मीही हसले. पुन्हा फुंकली, पुन्हा तेच, आणि मग कुणीच हसलं नाही. खडूची रेघ ओलांडून मी बाहेर आले आणि मटकन खाली बसले.

पण हा लेख माझ्या शिट्टीचा नाही. तो तात्यांचा आहे.

तात्या म्हणजे माझे वडील, गेनूतात्या. कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे ज्याच्या हातात असतं तो पाटकरी. आमच्या उसाच्या मुलखात त्याला नमस्कार घालणारे पुष्कळ. आपली पाळी आधी यावी म्हणून लोक अंधार पडता पडता टॉवेलात बाटली गुंडाळून यायचे. तात्यांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर दारूचा थेंब म्हणून शिवला नव्हता. ते बाटली घ्यायचे, बूच काढायचे आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत पाटात ओतून द्यायचे. म्हणायचे, 'घे, तुझ्या उसालाच पाजली.' आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो आणि तो माणूस रिकामी बाटली घेऊन तोंड पाडून जायचा.

आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला वंदना असते. एक जण पुढं बसतो, एकेक शील म्हणतो, आणि मागून सगळी वस्ती ते म्हणते. पाच शिलं. पाचवं नशेपासून लांब राहण्याचं. माझ्या लहानपणापासून पुढं बसायचे ते तात्याच. चार शिलं ते बेतानं म्हणायचे, आणि पाचव्याला त्यांचा आवाज असा चढायचा की विहाराचे पत्रे वाजतील. ते त्यांचं शील होतं. ज्यांच्या बाटल्या पाटात गेल्या होत्या त्यातले दोघं-चौघं मागं मान खाली घालून बसलेले असायचे, आणि तात्यांना ते बरोबर माहीत असायचं.

मग एका वर्षी तात्यांचे डोळे पिवळे पडले. पोट पुढं आलं, हातपाय काटक्या झाले. मोठ्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी पोटावर टिचकी मारत पहिला प्रश्न विचारला, किती वर्षं पिताय? तात्या म्हणाले, पीत नाही. डॉक्टर हसले. सगळे असंच म्हणतात, असं म्हणाले. ते हसणं आमच्याआधी गावात पोचलं. पाटकरी माणूस, बाटल्या काय थोड्या आल्या असतील! दिसायला ओतायचा पाटात, निम्मी घशात. गावाला पटायला वेळ लागला नाही. उलट आता सगळं नीट जुळतंय असंच गावाला वाटलं.

पुढच्या पौर्णिमेला तात्या नेहमीसारखे पुढं बसले. चार शिलं झाली. पाचवं सुरू केलं आणि मागून कुणीतरी खोकलं. खोटं खोटं. त्याच्यावर कुणीतरी हसलं. तात्यांनी पाचवं शील पुरं केलं, पण पत्रे वाजले नाहीत. बाहेर पडताना सोपानआबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबा म्हणजे तात्यांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यांचं शेत आमच्या घराला लागून. ते म्हणाले, 'गेनू, थोडं दिस मागं बस. लोक बोलत्यात.' दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तात्या भांडले असते. आबांनी म्हटलं, म्हणून ते गप्प बसले. त्यानंतर पुढं आबा बसायला लागले आणि तात्या दारापाशी, चपलांच्या जवळ.

असेच हंगामाचे दिवस होते, तेव्हा ते गेले. मातीला आलेल्या माणसांत मी माझ्या कानांनी ऐकलं, चांगला होता, पण त्या नादानं गेला. आईनंही ऐकलं. तिनं त्या दिवसापासून विहाराची पायरी चढली नाही. लोक बोलवायला यायचे तर म्हणायची, ज्या दिवशी त्यांना पुढं बसवाल त्या दिवशी येते. गेलेल्या माणसाला पुढं कसं बसवणार? लोक परत जायचे. आईची एकच आस उरली होती: आपण जायच्या आत नवऱ्याच्या नावावरचा हा डाग पुसला जावा. ती हे बोलून दाखवायची, भाकरी थापताना, उन्हात पाय पसरून बसल्यावर, कधीही. आणि माझ्याकडं तिला द्यायला काही नव्हतं.

तर शिट्टी फुस्स झाल्यावर मी बारामतीत नव्यानं आलेल्या शेख डॉक्टरबाईंकडं गेले. इंदापूरची मुलगी, आवाज मऊ, नजर मात्र परीक्षेला बसवणारी. त्यांनी छाती तपासली, फोटो पाहिला, रक्त पाहिलं आणि म्हणाल्या, फुप्फुसांचं बोलतोय आपण, पण तुमचं लिव्हरही कुरकुरतंय. घरात कुणाला लिव्हरचं काही? मी म्हटलं, वडील त्यानंच गेले, पण ते पीत नव्हते. हे वाक्य मी आयुष्यात कितींदा म्हटलं असेल! त्यातल्या 'पण'पाशी आलं की समोरच्याच्या ओठाला ठरलेली मुरड पडायची. ती बघायची मला इतकी सवय झाली होती की मी खाली मान घालूनच बोलले. काहीच ऐकू येईना म्हणून वर पाहिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, 'नीट सांगा. सगळं सांगा.'

मी सांगितलं. आई तात्यांच्या मामाची मुलगी, माहेर पळसदेव. तिचे वडील, म्हणजे तात्यांचे मामा, नदीवर मासे धरायचे, बिडी न ओढता दम्यानं तरणेताठे गेले. बाई ऐकत होत्या आणि मध्येच एखादा प्रश्न विचारत होत्या. बाहेर पेशंट खोळंबले होते. माझं आणि आईचं रक्त घेऊन त्यांनी मुंबईला पाठवलं.

उत्तर यायला वेळ लागला. तोवर ऊसतोड ऐन भरात आली होती. तोडलेल्या उसाचं वाळलेलं पाचट लोक जागेवरच पेटवून देतात, म्हणजे रान मोकळं. संध्याकाळी जिकडं पाहावं तिकडं रानं पेटलेली, आणि काळी राख उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली. मी तोंडाला ओला पदर धरून घरात बसायचे. लहानपणी ह्याच राखेच्या पिसांमागं आम्ही पळायचो.

एका दुपारी बाईंनी समोर बसवलं. आजाराचं नाव सांगितलं, अल्फा-वन अँटिट्रिप्सिनची कमतरता. माझ्या आईनं पुढं त्याचं 'आल्फ्या' केलं, आणि घरात एखादा बिनकामाचा पाहुणा येऊन राहावा तसं त्याच्याबद्दल बोलायला लागली. बाईंनी समजावलं ते असं: फुप्फुसांची राखण करणारं एक प्रोटीन असतं. ते लिव्हरमध्ये बनतं आणि रक्तातून फुप्फुसांकडं जातं. माझ्या लिव्हरमध्ये ते वाकडं बनतं, त्यामुळं बाहेरच पडत नाही, तिथंच साचतं. साचून लिव्हर खराब, आणि तिकडं फुप्फुसं उघड्यावर. जन्मापासून असं आहे. अर्धं आईकडून आलंय, ते तिच्या रक्तात दिसतंय. अर्धं वडिलांकडून. बरं होण्याचं औषध आज तरी आपल्या हातात नाही. धुरापासून लांब राहायचं, दारू-तंबाखूला शिवायचं नाही, श्वासाचे व्यायाम करायचे, कावीळ होऊ द्यायची नाही.

हे सगळं त्यांनी माझा हात हातात धरून सांगितलं. माझं लक्ष एकाच शब्दावर अडकलं होतं. मी विचारलं, मग वडील?

बाई म्हणाल्या, 'त्यांचं रक्त आता मिळणार नाही, म्हणून शपथेवर सांगणार नाही. पण ज्या माणसानं तुम्हाला हे दिलं आणि जो न पिता लिव्हरनं गेला, त्याच्यातही हेच असणार. लिव्हर बिघडायला त्यांना दारूची गरजच नव्हती.'

मी हसायला लागले. मग रडायला लागले. मग दोन्ही एकदम, आणि दम लागला. बाईंना वाटलं आजाराचा धक्का बसला. पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, म्हणाल्या, घाबरू नका, काळजी घेतली तर खूप वर्षं जगाल. मी म्हटलं, बाई, मी कुठं घाबरले! आणि उठले ती थेट स्टँडसमोरच्या मिठाईच्या दुकानात. दुकानदार ओळखीचा. एवढे पेढे कशाचे, बढती मिळाली का, म्हणाला. मी म्हटलं, वडील निर्दोष सुटले. त्यानं अभिनंदन केलं आणि पेढे बांधता बांधता विचारलं, कुठल्या कोर्टातनं? मी म्हटलं, शेखबाईंच्या.

घरी आले तेव्हा आई परसात चुलीवर तवा ठेवून मशेरीची तंबाखू भाजत होती. तो उग्र धूर लांबूनच नाकात गेला. मी अंगणातूनच ओरडून सांगितलं सगळं, आधी तात्यांचं, मग माझं. आई तशीच बघत राहिली. तिला दोन बातम्या एका दमात मिळाल्या होत्या: नवरा सुटला होता आणि लेक अडकली होती. तोंडावर हसू येत होतं आणि मध्येच मोडत होतं. मग ती उठली, तवा पदरानं धरला आणि सगळी मशेरी मोरीच्या खड्ड्यात उपडी केली. लग्नाआधीपासूनची सवय होती तिची. पुन्हा कधी तिनं ती तोंडाला लावली नाही, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. दोन दिवस मात्र घरातल्या प्रत्येकावर खेकसत होती.

संध्याकाळी मला जवळ घेऊन म्हणाली, माझ्याकडनंबी आलंय म्हनं तुला. मी म्हटलं, उंची तुझ्याकडून आली, नाक तुझ्याकडून आलं, तेव्हा नाही ते रडलीस? तेव्हा कुठं ती हसली. पण नंतर चुलीपुढं डोळे पुसताना मी तिला पाहिलं. धूर नव्हता, चूल विझलेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पेढे घेऊन वस्तीत निघालो. दार उघडणारा प्रत्येक जण विचारायचा, काय आनंदाची बातमी? मी सांगायचे, मला मोठा आजार निघालाय. पेढा हातात घेतलेला माणूस तसाच उभा. मग मी पुढचं सांगायचे. कुणाला कळायचं, कुणाला नाही. शेवटी सोपानआबांच्या दारात पोचलो. आबा बाजेवर बसले होते. त्यांना प्रोटीन, लिव्हर असलं काही सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, आबा, असं बघा. फडात ऊस तोडला, गाड्या भरल्या. पण प्रत्येक गाडीचं चाक वाकडं. गाडी फडाबाहेर पडंना. ऊस फडातच कुजतोय, आणि तिकडं कारखाना उसाविना बंद. फड म्हणजे लिव्हर आणि कारखाना म्हणजे छाती. माझ्या गाड्यांची चाकं वाकडी आहेत, आणि ती जन्मापासूनची आहेत, तात्यांच्याच घरची.

आबांनी हातातल्या पेढ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, मंजी गेनू पीत नव्हता?

उत्तर मी देणार होते. पण आई मागून पुढं आली. ती म्हणाली, 'आबा, सारा संसार मी त्येंच्या शेजारी निजले. मला वास आला नसता व्हय?'

  हे आई पहिल्या दिवसापासून सांगत होती. ह्याच शब्दांत, ह्याच माणसांना. बायकोची साक्ष कुणी धरली नाही, मुंबईहून आलेल्या रक्ताची धरली. त्या गोष्टीचा मला आजही संताप येतो, आणि येतो ते बरंच आहे. आबांनी पेढा खाल्ला नाही. तळहातावर तसाच धरून ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रानात खसखस ऐकू आली. आबांचा ऊस तुटून गेला होता. दरवर्षी ह्या सुमाराला ते काडी लावायचे आणि धुराचा लोट सरळ आमच्या घरात शिरायचा. त्या दिवशी आबा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या जोरानं पाचट ओढत होते आणि सरीत दाबत होते. जाणारे-येणारे विचारत होते, आबा, काडीपेटी संपली का? उंदरं होतील, सांगून ठेवतोय. आबा पुढची सरी धरत होते. माझ्याकडंसुद्धा त्यांनी पाहिलं नाही. मी चहा नेऊन दिला, तो मात्र घेतला. पुढच्या उन्हाळ्यात त्या दाबलेल्या पाचटानं रानाची ओल धरली आणि आबांचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, सगळ्यांत हिरवा राहिला, तेव्हा शेजारच्यांनीही हळूहळू काडी लावणं सोडलं. त्यांनी ते उसासाठी सोडलं, माझ्यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या छातीला काय, हवा स्वच्छ आल्याशी मतलब.

जगणं बदलायचं तसं बदललं. चूल गेली, गॅस आला. शिट्टी खुंटीवर गेली आणि मैदानावर मी स्टीलची थाळी नि लाटणं घेऊन जायला लागले. रसवंतीवाला म्हणाला, बाई, आता बैल थांबत नाही, बुजतो. सकाळी अंगणात बसून ओठांचा चंबू करून हळू हळू श्वास सोडायचा व्यायाम करायचे, तर शेजारच्या बाया विचारायच्या, गरम काय फुंकताय? वाईट दिवसही आले. छाती भरून आली की दोन-दोन आठवडे अंथरुणाला खिळले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण तात्यांना ज्यानं नेलं त्याचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. मला शत्रू ओळखता येत होता. त्याची वाट, वेळ, खोडी सगळ्या मला माहीत होत्या, आणि मी तर आयुष्यभर पोरींना समोरच्याची चाल ओळखायलाच शिकवत आले होते.

आणि त्या हिवाळ्यातली ती पौर्णिमा. त्या दिवशी सकाळी आबा आमच्या दारात आले. आईला म्हणाले, 'वैनी, गेनूला फुडं बसवायचंय. तो न्हाय, तर त्याची लेक बसल.' आईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं. विहारापर्यंतचा रस्ता केवढासा, पण आई तो असा चालली की जणू आधी कधी पाहिलाच नव्हता. पायरीपाशी थांबली. मला वाटलं, मागं फिरते की काय. मग चढली.

मी तात्यांच्या जागेवर बसले. वस्ती सगळी आली होती. आबा कुठं दिसेनात म्हणून पाहिलं, तर ते दारापाशी बसले होते, चपलांच्या जवळ.

एकेक शील म्हणायला लागले. पहिल्यालाच दम लागला. दुसऱ्याला थांबले, तिसऱ्याला थांबले. प्रत्येक शिलामागं मला श्वास गोळा करावा लागत होता आणि सगळी वस्ती तेवढा वेळ गप्प बसून होती. चौथं झालं आणि पाचव्यापाशी माझा दम पार संपला. तोंड उघडलं, आवाज निघेना. बाहेरून कारखान्याची घरघर तेवढी येत होती. मला तो जुना खोकला आठवला. ते हसणं आठवलं. मी आईकडं पाहिलं, तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

कुणी खोकलं नाही.

दारापाशी आबा गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. म्हणाले, 'सावकाश, पोरी. गेनूचं शील हाय. आमी थांबतो.'

मी डोळे मिटले. बाईंनी शिकवला होता तसा हळू श्वास सोडला, हळू घेतला, जेवढा मावेल तेवढा घेतला, आणि पाचवं शील एका दमात म्हटलं. माझ्यामागून सगळ्या वस्तीनं म्हटलं, बायांनी, पोरांनी, ज्यांच्या बाटल्या पाटात गेल्या होत्या त्यांनीसुद्धा. सगळ्यांत वर आईचा आवाज होता. विहाराचे पत्रे वाजले.

नंतर खीर वाटली. आईनं पहिली वाटी भरून घेतली आणि दारापाशी आबांना नेऊन दिली.